खिडकीतली जागा

नजरकाकांनी आता घरी बसावं, असा विषय रंगखात्यात निघाला की पहिले हसायचे ते स्वतः नजरकाका. "पाठवा की घरी," ते म्हणायचे, "कोण अडवतंय? माझ्यासारखा एक तयार झाला की मी निघालोच." आणि मग उत्तरेच्या खिडकीतल्या आपल्या खुर्चीत असे काही रेलायचे, की ही खुर्ची आधी निवृत्त होईल आणि हा माणूस मागाहून, अशी बघणाऱ्याची खात्रीच पटावी.

खुर्चीला तसा मान होता. कापड रंगवणाऱ्या त्या गिरणीत बाकी सगळीकडे वाफ, ओल आणि आरडाओरडा. फक्त या एका खिडकीपाशी दिवसभर सारखा, थंड उजेड असायचा. रंगवून आलेल्या प्रत्येक ताग्याचा कोपरा तिथे यायचा, गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी ठेवला जायचा, आणि काका डोळे बारीक करून सांगायचे, "तांबूस मारतोय. परत घाला." की ताग्याची रवानगी पुन्हा हौदात. त्यांच्या एका शब्दाने खालच्या पोरांची पाठ मोडायची, पण शब्दाला अपील नव्हतं. रंग मोजायचं यंत्र घ्यायची मालकांची दानत नव्हती, आणि आमच्याकडे नजरकाका असताना यंत्र हवंय कशाला, असं म्हटलं की ती नसलेली दानतही झाकली जायची.

त्या जागेचा नियम थोरल्या मालकांनी घालून दिला होता. वयाची अट नाही. काकांनी शिकाऊ घ्यायचा, शिकवायचा, तयार झाला की सगळ्या खात्यासमोर त्याची परीक्षा घ्यायची. टेबलावर तीन तुकडे मांडायचे. त्यातला वेगळा कोणता आणि त्यात कुठला रंग कमी-जास्त पडलाय, ते शिकाऊने सांगायचं. बरोबर सांगितलं की खुर्ची त्याची आणि काका घरी. म्हणजे ज्याला बाहेर जायचंय, त्यानेच उठून दार उघडायचं, असा कारभार. थोरले मालक सज्जन होते. माणूस उठणारच नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

काका उठले नाहीत. त्यासाठी त्यांनी केलेली युक्ती इतकी साधी होती की तिची त्यांना कधी लाजही वाटली नाही. ते तिन्ही तुकडे एकाच ताग्यातून कापायचे.

मग पोरगं टेबलासमोर उभं राहायचं. भोवती खातं जमलेलं, हात रंगलेले, तोंडं हसायला टपलेली. तिन्ही तुकडे सारखे दिसताहेत, हे पोराला दिसायचं. पण काकांनी एक वेगळा आहे असं सांगितलंय म्हणजे असणारच. बघता बघता बिचाऱ्याला तो वेगळा दिसायलाही लागायचा. "डावा, काका. जरा हिरवट वाटतोय." काका हळहळून मान हलवायचे. "उजवा रे बाळा. डाव्यात हिरवं दिसत असेल, तर ते तुझ्या डोळ्यात आहे." खातं खो खो हसायचं, तुकडे काकांच्या खिशात जायचे आणि पोरगं फाटकाबाहेर, नाहीतर कायमचं हौदावर. तिन्ही सारखेच आहेत, असं म्हणायची छाती आजवर एकाचीही झाली नव्हती. तरण्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा म्हाताऱ्याचा शब्द खरा वाटतो, या एका गोष्टीवर काकांची सगळी नोकरी उभी होती.

मनाची समजूत त्यांनी केव्हाच घालून ठेवली होती. पोरांपुढे आयुष्य पडलंय, त्यांना काय, कुठेही मिळेल. मला या वयात दारात कोण उभं करणार? यातला दुसरा भाग खरा होता. पहिला खोटा होता, आणि तो खोटा असल्याचा पुरावा त्यांच्याच घरात, त्यांच्याच पंगतीला जेवत होता.

तो पुरावा म्हणजे काकांचे चिरंजीव. बाविशीत असताना तोही त्या टेबलासमोर उभा राहिला होता. पोरगा दिवसभर खिडकीत बसून रंग बघायचा, जेवताना ताटातल्या भाजीचा रंग सांगायचा. आपण नापास होऊ असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. काका तेव्हा पन्नाशीचे, धडधाकट, आणि घरी बसायची कल्पनाही त्यांना नको होती. त्यांनी तीन तुकडे मांडले. चिरंजीव म्हणाला, "डावा." काका म्हणाले, "उजवा." आणि वर चारचौघांत हेही म्हणाले, "आपला असला म्हणून काय झालं? नजर नाही म्हणजे नाही." त्या दिवशी सगळ्या गिरणीने काकांच्या सचोटीची वाहवा केली. बापमाणूस असावा तर असा, असं थोरले मालक स्वतः म्हणाले.

तेव्हापासून चिरंजिवाला कुणी रंगांधळा म्हणायचं, कुणी नुसतंच आंधळा. त्याने चौकीदारी केली, घरोघरी सामान पोचवलं, एका दुकानात शटर उघडण्या-बंद करण्याचं काम केलं. कशातच जीव लागला नाही आणि कुठेच टिकला नाही. लग्न झालं, तर सकाळी कुठला शर्ट कुठल्या पँटवर घालू हे तो बायकोला विचारायचा. बायकोला आधी त्याचं हसू यायचं, मग कीव यायला लागली, आणि शेवटी नुसता कंटाळा. चार महिन्यांपूर्वी ती माहेरी गेली ती निरोप ठेवून: नोकरी लागली की कळवा, तोवर फोन करू नका.

काकू, म्हणजे काकांची बायको, काही फार शिकलेली नव्हती, पण बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी. "पासष्टी झाली तुमची," ती म्हणायची. "घरात धट्टाकट्टा पोरगा रिकामा बसलाय आणि बाप डबा घेऊन कामाला निघालाय. लोकांच्या घरी उलटं असतं."

"त्याला नजर नाही, त्याला मी काय करू?"

"तुम्हाला तरी कुठे आहे? एका पायात काळा मोजा आणि एका पायात निळा घालून जाता ते!"

मोज्यांची गोष्ट खरी होती, आणि एकदा नव्हे, पुष्कळदा झाली होती. काकांनी त्याचं खापर घरातल्या दिव्यावर फोडलं, मग काकूच्या कपडे ठेवण्यावर फोडलं, आणि स्वतःच्या डोळ्यांचा विचार जिथल्या तिथे गाडून टाकला. पण तो विचार अधूनमधून डोकं वर काढायचा. हल्ली गडद निळे आणि काळे रंग आले की काकांना घाम फुटायचा. अशा वेळी ते हाताखालच्या शिकाऊला विचारायचे, "सांग बघू, तुझी परीक्षा," आणि तो काय म्हणतो ते ऐकून मग आपलं मत द्यायचे.

शेवटची शिकाऊ एक मुलगी होती. नमुने टाचायच्या टाचण्या सदानकदा तिच्या ओठांत असायच्या, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. बोलायची कमी, पण डोळा असा की काकांना तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून चालायचंही नाही. गणवेशाच्या निळ्या कापडाचा मोठा लॉट निघाला, तेव्हा ती म्हणाली, "काका, बाहीचं कापड काळं पडलंय. अंगाच्या कापडाशी जुळत नाही." सगळ्यांसमोर म्हणाली. काकांचं डोकं फिरलं. "मी या खिडकीत बसलो तेव्हा तुझा बाप रांगत होता," ते ओरडले, आणि लॉट तसाच पाठवला. आठवड्यात तो परत आला. निळ्या अंगाला काळ्या बाह्या! धाकट्या मालकांनी जाब विचारला, तेव्हा काकांनी डोळ्याची पापणीही न लवू देता सांगितलं की पोरीने नमुन्याचे तुकडे अदलाबदल केले. टाचणी काहीतरी सांगू बघत होती, पण खात्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. तिला त्याच दिवशी काढलं.

ती गेली आणि लॉट परत येण्याचा सपाटाच लागला. आता थोरले मालक नव्हते. धाकटे मालक होते. चिरंजिवाच्याच वयाचे, आणि त्यांना त्यांची खुर्ची कुठलीही परीक्षा न देता मिळाली होती. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, "काका, आता पुरे. या महिन्यात तुमच्या जागी कुणीतरी द्या. नाहीतर मी बाहेरून आणतो."

नाक दाबलं की तोंड उघडतं. काका रात्रभर तळमळले आणि पहाटे त्यांना एकदम पुत्रप्रेमाचा उमाळा आला. जायचंच आहे तर खुर्ची घरात का राहू नये? पोरगा बसेल, आपण शेजारी स्टूल टाकून बसू. बोलेल तो, बघू आपण. किंवा बघेल तो आणि बोलू आपण. त्यांनी मालकांना सांगितलं, "माझा मुलगा. एवढी वर्षं घरी शिकवलाय त्याला. उद्या सगळ्यांसमोर परीक्षा घेतो."

संध्याकाळी काकू शेजारी गेलेली बघून त्यांनी चिरंजिवाला स्वयंपाकघरात गाठलं. तो ताट वाढून घेऊन खाली बसला होता.

"उद्या जरा चांगले कपडे घाल," काका म्हणाले. "तीन तुकडे मांडीन. घाई करू नकोस. वाकून बघ, डोळे बारीक कर, आणि मग सांग, तिन्ही सारखे आहेत."

"आणि नसले तर?"

"असणार. मीच कापणार आहे ना."

चिरंजिवाने घास खाली ठेवला. "मग उत्तर हेच असतं का?"

"हेच असतं. नेहमी हेच," काका बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली.

"नेहमी?" चिरंजीव म्हणाला. "मग माझ्या वेळी?"

काका भांड्यांच्या फळीकडे बघायला लागले. 

"मी डावा म्हणालो होतो. तुम्ही उजवा म्हणालात."

"झालं ते झालं. आता उगाळत बसू नकोस. मी पन्नाशीचा होतो रे. घरी बसून काय माशा मारल्या असत्या? आणि तू तरुण होतास. म्हटलं, लागेल कुठेतरी. आता देतोय ना तुला? उद्या तुझीच होणार ती जागा."

"मी शर्ट कुठला घालू ते बायकोला विचारतो, बाबा."

काका ताट पुढे सरकवत म्हणाले, "जेव तू. गार होतंय."

चिरंजीव शेवटपर्यंत जेवला. ताट धुऊन ठेवलं आणि खोलीत गेला. काकांनी दारातून डोकावून बघितलं, तर त्याने कपाटातले सगळे शर्ट काढून खिडकीजवळ पलंगावर पसरले होते आणि उरल्यासुरल्या उजेडात तो एकेक उचलून बघत होता. बराच वेळ बघत होता. काकांना वाटलं, शहाणा आहे पोरगा, समजून घेतलं त्याने. त्या रात्री ते गाढ झोपले.

सकाळी ते गिरणीत लवकर पोचले. काळा रंग घ्यायचा हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. काळ्यात कसली झाक आणि कसलं काय. काळ्या ताग्याचं शेवटचं टोक उरलं होतं, त्यातून दोन तुकडे निघाले. तिसऱ्यापुरतं कापड नव्हतं. शेजारच्या मांडणीवर दुसरा काळा तागा होता, त्याचा कोपरा त्यांनी कापून घेतला. ताग्याला चिठ्ठी बांधलेली होती. पण कापडाला बांधलेली चिठ्ठी वाचायची नजरकाकांना जन्मात कधी गरज पडली नव्हती, ती त्या दिवशीही वाटली नाही.

खातं जमलं. हौदावरची पोरं आली, चहावाला किटली घेऊन आला, धाकटे मालक खिशात हात घालून उभे राहिले. चिरंजीव इस्त्रीच्या शर्टात आला. शर्ट आणि पँट झकास जुळलेली होती, आणि आज ती कुणी जुळवून दिली असेल, हा विचार काकांच्या मनाला शिवलाही नाही. त्यांनी राखाडी कागद पसरला, खिशातून तुकडे काढून ओळीने मांडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "यातला एक वेगळा आहे. सांग."

चिरंजीव वाकला. लगेच सरळ झाला. त्याने एकदा तुकड्यांकडे बघितलं, एकदा बापाच्या तोंडाकडे, आणि पुन्हा तुकड्यांकडे. मागे चहावाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मालकांकडे बघून मिटलं.

काकांना वाटलं, घाबरला. विसरला बहुतेक. त्यांनी मानेने खूण केली.

"बाबा," चिरंजीव म्हणाला, "तुम्ही जरा जवळून बघता का?"

"परीक्षा तुझी आहे. मी काय बघू?"

"तुम्ही गुरू. तुमचं बघून शिकेन म्हटलं. बघा ना."

खात्यात खसखस पिकली. काकांनी मालकांकडे बघून कौतुकाने हसल्यासारखं केलं, चष्मा सरळ केला, वाकून तिन्ही तुकडे एकामागून एक उचलले, उजेडात धरले आणि परत ठेवले. तीन काळे तुकडे. कावळ्यासारखे काळे. "हं. बघितले. आता तू बोल. आणि हे बघ, डोळ्यांवर विश्वास ठेव. उगाच भीतीने नसलेला फरक शोधू नये माणसाने."

"नसलेला फरक?"

"हो. काही वेळा नसतो."

"म्हणजे तिन्ही सारखे आहेत, असं म्हणू?" चिरंजीव अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाला.

"शाब्बास!" काकांनी टेबलावर थाप मारली. त्यांचा चेहरा उजळला होता. "तिन्ही सारखे! एकाच ताग्यातले! आजवर एकाही पोराची हे म्हणायची छाती झाली नाही. मालक, घ्या तुमचा माणूस."

कुणीच टाळी वाजवली नाही.  मग चहावाला फिस्सकन हसला, आणि त्याच्या मागोमाग हौदावरची पोरं.

"काका," धाकटे मालक म्हणाले, "मधला निळा आहे."

काका हसले. मालकांना थट्टा करायची सवय होती. पण मालक हसत नव्हते. काकांनी मधला तुकडा उचलला. काळा होता. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीबाहेर धरला. काळाच होता.  इतके लोक एकदम खोटं बोलणार नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. तरी तुकडा काळाच दिसत होता.

"मला तर आल्या आल्या दिसला," चिरंजीव म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता. इतक्या वर्षांत काकांनी त्याच्या आवाजात तो ऐकला नव्हता. "अहो, त्यांना दिसतच नाही. मोजेसुद्धा जुळवता येत नाहीत. आणि परीक्षा म्हणाल तर, ती कधीच नव्हती. दर वेळी तिन्ही तुकडे एकाच ताग्यातले. काल स्वतः सांगितलं मला. माझ्या वेळी तेच केलं, बाकीच्यांच्या वेळी तेच. विचारा ना! बाबा, सांगा की सगळ्यांना. आता का गप्प?"

 हौदावर एक जण होता, चिरंजिवाच्या आधी कधीतरी नापास झालेला आणि मग ओलीत राबायला राहिलेला. आता त्याचेही केस पिकायला आले होते. तो पुढे आला, त्याने काकांच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं आणि तो न थुंकता परत गेला. थुंकला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

"चला," चिरंजीव म्हणाला. "मी पास झालो ना?"

धाकटे मालक त्याच्याकडे वळले. "कशात?"

"मधला निळा आहे म्हणून मी ओळखलं."

"तो चहावाल्याने पण ओळखला. मी पण ओळखला. काळ्यातून निळा ओळखायला नजर लागत नाही, डोळे लागतात. आणि काल उत्तर सांगितलं, असं म्हणालास. म्हणजे आज तिन्ही तुकडे खरंच सारखे असते, तर तू सारखे म्हणाला असतास आणि या खुर्चीत बसला असतास. बरोबर?"

चिरंजीव टेबलावर उरलेल्या दोन तुकड्यांकडे बघायला लागला. तोवर त्याने फक्त बापाचा हिशेब चुकता करायचा विचार केला होता. पुढचा केलाच नव्हता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण घाव घालून झाल्यावर त्या दांड्याचं काय होतं, ते कुणी सांगत नाही.

"मग गणवेशाच्या त्या लॉटला ती पोरगी खरं सांगत होती," मालक स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. त्यांनी तिथेच फोन काढला, लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. टाचणीने बराच वेळ उचलला नाही. उचलल्यावर मालकांनी थोडक्यात काय ते सांगितलं.

"मला माहीत होतं," तिचा आवाज आला. "पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यांनी पास केलेले निळे मी रोज जेवणाच्या सुट्टीत परत बघून घ्यायचे. त्या दिवशी सांगितलं, तर त्यांनी ऐकलं नाही."

"मग त्यांना दिसत नाही, हे तेव्हा बोलली का नाहीस?"

"म्हातारा माणूस आहे, म्हटलं. कुठे जाईल?"

काकांना वाटलं, शिव्या द्यायला हव्या होत्या हिने. मालकांनी तिला उद्यापासून ये म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग खुर्चीच्या पाठीवरची काकांची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. जोराने नाही, अगदी साधी दिली, आणि म्हणाले, "काका, सांभाळून जा. पायऱ्या ओल्या आहेत."

बापलेक एकाच रस्त्याने घरी निघाले. चिरंजीव चार पावलं पुढे चालत होता. काकांनी एकदा हाक मारली, त्याने ऐकली नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काकांना राग यायला हवा होता. पोटच्या पोराने भर खात्यात वाभाडे काढले होते. पण त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती: हे घरी कळता कामा नये. चोरी कळली तरी चालेल, लबाडी कळली तरी चालेल. पण नजरकाकांना दिसत नाही, हे काकूच्या तोंडून रोज जेवताना ऐकायचं, मुकाट्याने तिचा हात धरून रस्ता ओलांडायचा, ही कल्पना त्यांना सोसेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इथे तर सुंभाची राखही उरली नव्हती आणि पीळ तेवढा शाबूत होता.

दार सुनेने उघडलं. काकूने सकाळीच फोन करून तिला बोलावलं होतं. बापच परीक्षा घेणार म्हटल्यावर आता काय राहिलंय, ये तू. बॅग अजून भिंतीपाशी होती, तिचा पट्टाही सोडला नव्हता. सून नवऱ्याच्या अंगावरचे कपडे बघत होती. शर्ट तिने निवडून दिला नव्हता आणि तरी छान जुळला होता, हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती थोडीशी हसली.

"काय झालं?" काकू आतून पदराला हात पुसत आली. "झालं ना काम?"

"आई," चिरंजीव म्हणाला, "बाबांना..."

"नापास झाला," काका म्हणाले.

"कोण?" काकूने विचारलं.

"हा. मीच केला. सोपा रंग दिला होता, तोही ओळखता आला नाही. सगळे होते समोर, मालक होते. मी तिथे लबाडी करायची का?" त्यांचा आवाज ठाम होता, खिडकीतल्यासारखा. "आणि मीही सोडली नोकरी. असली फजिती बघून त्या खुर्चीत कोण बसेल?"

"अहो, पोटचा पोरगा ना तो!" काकू ओरडली. "माणूस आहात की कोण आहात? कसाई बरा तुमच्यापेक्षा!"

काकांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. कसाई चालेल. ते चिरंजिवाच्या उत्तराची वाट बघत होते. एका वाक्यात तो सगळं सांगू शकत होता. पण ते वाक्य सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं; की उत्तर आधी माहीत होतं, की बापाला त्याने मुद्दाम, सावकाश, सगळ्यांसमोर उघडं पाडलं, आणि एवढं करून हाती धुपाटणंही आलं नाही. चिरंजीव खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. ती सुटेना.

"खरं का हे?" सुनेने त्याला विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "हो," तो म्हणाला. "मला नाही कळत रंग."

 सुनेने चपला घातल्या आणि बॅग उचलली. काकूने तिचा हात धरला, तिने तो हळूच सोडवला. जिन्यावरून तिची पावलं खाली जात असताना नजरकाका भिंतीला टेकून बसले, आणि त्यांना, दुसरं काही वाटायला हवं असूनही, हायसं वाटलं.